यंदा सरस्वतीचा देखावा करणाऱ्या मंडळांना खुलं पत्र

बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ, खानापूर, निपाणी, आपल्या सगळ्या भागातल्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार, आणि ज्यांचं नाव पावती पुस्तकावर कधी येत नाही पण रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मांडवात पत्रे ठोकत बसतात त्या सगळ्या पोरांना,

सप्रेम नमस्कार.

यंदा बऱ्याच गल्ल्यांत "लुप्त सरस्वती" हा विषय घ्यायचं चाललंय असं कानावर आलंय. २०२५ च्या महाकुंभापासून हा विषय सगळ्यांच्या डोक्यात बसलाच आहे, आमच्याच गल्लीतली कितीतरी माणसं प्रयागला जाऊन आली आणि येताना बाटलीतून त्रिवेणीचं पाणी घेऊन आली, मग साहजिकच पोरांना वाटणार की यंदा शिवचरित्र नको, अफझलखान दर वर्षीच मरतो, यंदा सरस्वती करूया. उत्तम विषय आहे, मला मनापासून आवडला, म्हणून तर लिहायला बसलो. मी पूर्वी देखाव्यांची निवेदनं लिहून द्यायचो, त्यामुळे मांडवाच्या मागं काय चालतं ते मला माहीत आहे आणि थोडं आगाऊपणानं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

नासानं सरस्वती नदी सिद्ध केली असा फॉरवर्ड व्हॉट्सॲपवर फिरतोय. माझं म्हणणं एवढंच की ही नदी मुळातच एवढी भारी गोष्ट आहे की तिच्यावर नासाचा शिक्का मारायची गरज नाही, आणि जे अजून अभ्यासकांच्यात ठरलेलं नाही ते ठरलंय म्हणून आपल्या लोकांना सांगू नका. देखावा बघायला चंदगडपासून बैलहोंगलपर्यंतची माणसं येतात, ट्रॅक्स भरून येतात, म्हातारी माणसं येतात, शाळेची पोरं येतात, आणि ती जे ऐकतात ते खरं मानून घरी जातात.

यावर मागं कुठंतरी झालेला एक देखावा बघितलेला (नाव घेत नाही, पोरांनी मेहनत भरपूर केलेली). थर्माकोलचा हिमालय, धुराचं मशीन, वीणा घेतलेली सरस्वतीदेवी वर-खाली होणारी, आणि इको लावलेल्या आवाजात निवेदन, "नासाने सिद्ध केले आहे की...", मग एकदम युद्धाचं म्युझिक आणि शेवटी घोषणा. दहा मिनिटांत नदी कुठं उगवली, कुठून गेली, का आटली यातलं एक अक्षर नाही. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी नातवाला विचारलं, "मग नदी गेली कुठं रे?" आणि नातू म्हणाला, "जमिनीत." संपला विषय.

तर पहिली गोष्ट, कुठली सरस्वती दाखवणार ते आधी ठरवा. कारण सरस्वत्या पुष्कळ आहेत आणि सगळ्या एकाच पडद्यावर कोंबल्या की गोंधळ होतो. बद्रीनाथच्या वर माणा गावात एक सरस्वती आहे, ती लुप्त वगैरे अजिबात नाही, भीमपुलाखालून एवढ्या आवाजात कोसळते की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि थोडं पुढं जाऊन अलकनंदेला मिळते. तिथली लोककथा तर तुमच्यासाठीच आहे बघा. व्यास महाभारत सांगतायत, गणपती लिहून घेतोय, आणि नदीचा एवढा दंगा की गणपतीला शब्द ऐकू येईना, त्यानं शांत हो म्हणून सांगितलं, तिनं ऐकलं नाही, मग त्यानं शाप दिला की यापुढं तू दिसणार नाहीस. गणेशोत्सवाच्या मांडवात याच्याहून चांगली सुरुवात मिळणार आहे का? मूर्ती तुमची समोर आहेच, फक्त हातात लेखणी द्या. पण ही लोककथा आहे, लोककथा म्हणून सांगा.

प्रयागची सरस्वती वेगळी, ती अदृश्य, श्रद्धेची. तिथं गंगा आणि यमुनेच्या मधल्या भागात हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांना हेलिकॉप्टरवरून केलेल्या सर्व्हेत जमिनीखाली गाडलं गेलेलं जुन्या नदीचं साधारण ४५ किलोमीटर लांबीचं पात्र सापडलं, २०२१ ची गोष्ट, लगेच "सरस्वती सापडली" म्हणून बातम्या फिरल्या. सापडलं ते जुनं पात्र, पाणी धरून ठेवणारं, आणि ते महत्त्वाचंच आहे, पण हरियाणा-राजस्थानातली नदी तीच असं त्यातून निघत नाही. गुजरातेत सिद्धपूरची सरस्वती वेगळी, जिथं आईचं श्राद्ध करायला लोक जातात. सोमनाथजवळ प्रभासला हिरण, कपिला आणि सरस्वती यांचा संगम आहे, ती अजून वेगळी.

आणि लांब कशाला जायचं, निपाणी-चिकोडीच्या मंडळांनी तर हे नक्की वाचा. आपली पंचगंगा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या चार झाल्या, पाचवी कोण? पाचवी गुप्त सरस्वती. कोल्हापूरजवळच्या त्या संगमाच्या गावाचं नावच प्रयाग चिखली. हीच पंचगंगा पुढं नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि ती कृष्णा आपल्या चिकोडी, रायबाग, अथणीतून जाते. म्हणजे पौर्णिमेला वाडीला जाऊन डुबकी मारणारा आपल्या भागातला प्रत्येक माणूस हिशेबानं सरस्वतीतही डुबकी मारून आलेला आहे. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळातही तसंच, पाच नद्यांच्या धारा बारमाही आणि सरस्वतीची धार साठ वर्षांनी एकदा येते अशी श्रद्धा. आपल्या पूर्वजांनी ती नदी उत्तरेत सोडली नाही, जाईल तिथं सोबत नेली. हे मला त्या नासावाल्या फॉरवर्डपेक्षा शंभर पट मोठं वाटतं.

आता वेदातली सरस्वती, जिच्यावर सगळं भांडण आहे. ऋग्वेदात तिला "अम्बितमे नदीतमे देवितमे" म्हटलंय, आयांत श्रेष्ठ, नद्यांत श्रेष्ठ, देवींत श्रेष्ठ. सातव्या मंडलात ती डोंगरांपासून समुद्रापर्यंत जाते असं वर्णन आहे. दहाव्या मंडलातल्या नदीसूक्तात नद्या ओळीनं येतात, गंगा, यमुना, सरस्वती, शुतुद्री म्हणजे सतलज. म्हणजे यमुना आणि सतलज यांच्या मधे कुठंतरी. आज त्या मधल्या पट्ट्यात काय आहे? घग्गर आहे. हिमाचलच्या शिवालिक टेकड्यांत उगम, पंचकुला, सिरसा, हनुमानगड, सूरतगड, अनूपगड करत वाळवंटात विरते, पलीकडं पाकिस्तानात तिच्याच कोरड्या पात्राला हाकरा म्हणतात. आणि हरियाणात आदिबद्रीजवळून निघून कुरुक्षेत्र, पेहोवा करत घग्गरला मिळणारी एक लहान नदी आहे, तिला लोक पहिल्यापासून सरस्वती, सरसुतीच म्हणतात.

याचा शोध काही व्हॉट्सॲप आल्यावर लागलेला नाही. ओल्डहॅम नावाच्या एका इंग्रज लष्करी डॉक्टरनं १८७४ मध्येच वाळवंटातल्या या हरवलेल्या नदीवर लेख लिहिलेला. ऑरेल स्टाईन या पुरातत्त्व संशोधकानं ७८ व्या वर्षी, १९४०-४१ च्या थंडीत, बिकानेर आणि बहावलपूरच्या वाळूत फिरून त्या पात्राच्या काठची जुनी गावं नोंदवली. १९८० मध्ये शास्त्रज्ञ यशपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँडसॅट उपग्रहाचे फोटो अभ्यासून दाखवलं की घग्गरचं जुनं पात्र सरासरी सहा ते आठ किलोमीटर रुंद होतं. आता कळलं का नासा कुठून आलं? उपग्रह अमेरिकेचा होता, अभ्यास आपल्या माणसांनी केला, यशपाल तर इस्रोच्या अहमदाबाद केंद्राचे प्रमुख होते. आपल्या माणसाचं नाव पुसून नासाचं लावायचं आणि वर देशाभिमान म्हणायचं, कमाल आहे.

आणि आपल्या माणसाचं म्हणाल तर अजून एक, भीमबेटकाची गुहाचित्रं जगासमोर आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर, हरिभाऊ. १९८५ मध्ये आदिबद्रीपासून सोमनाथपर्यंत सरस्वतीची शोधयात्रा त्यांनी काढली. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी सगळे सहमत नाहीत, पण जाऊन बघून आलेला माणूस, गादीवर बसून फॉरवर्ड करणारा नव्हे. मराठी मंडळाच्या देखाव्यात त्यांचा एखादा तरी फोटो असावा की नको?

मग भांडण कशावरून आहे? पाणी कुठून येत होतं यावरून. एक बाजू म्हणते सतलज आणि यमुना पूर्वी या पात्रात येत होत्या, मग त्या दिशा बदलून निघून गेल्या, एक सिंधूकडं, एक गंगेकडं, आणि ही पोरकी झाली. २०१७ मध्ये आयआयटी कानपूर आणि परदेशी अभ्यासकांनी राजस्थानातल्या कालीबंगा या हडप्पाकाळच्या ठिकाणाजवळ बोअर मारून वाळूचं वय काढलं, त्यात आलं की सतलज इथून निदान आठ हजार वर्षांपूर्वीच निघून गेलेली, म्हणजे हडप्पाची शहरं वसायच्या कितीतरी आधी. त्यांचं म्हणणं फार मजेशीर आहे बघा. मोठी नदी असताना तिथं शहरं वसली नाहीत, मोठी नदी निघून गेल्यावर वसली, कारण पात्र तयार, गाळाची जमीन तयार, पावसाळ्याचं पाणी येतंय, आणि महापूर मात्र नाही. ज्यांनी २०१९ चा पूर बघितलाय, यमगर्णीजवळ वेदगंगा हायवेवर येऊन पुणे-बेंगळूर रोड दिवसेंदिवस बंद पडलेला बघितलाय, त्यांना हे लगेच पटेल. मोठ्या नदीच्या अगदी काठाला घर बांधायला धाडस लागतं.

दुसरी बाजू म्हणते असं नाही, २०१९ मध्ये अजून एक अभ्यास आला, त्यात साधारण नऊ हजार ते साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत या नदीला वरच्या हिमालयाचंही पाणी येत होतं आणि ती बारमाही होती असं निघालं. म्हणजे दोन चांगल्या टीम, दोन उत्तरं. शिवाय काही अभ्यासक तर म्हणतात वेदातली सगळ्यात जुनी सरस्वती अफगाणिस्तानात असावी, मला ते पटत नाही, नदीसूक्तातला क्रम बघितल्यावर तर अजिबात नाही, पण म्हणणारे वेडे नाहीत. यावर मात्र बऱ्याच जणांचं जमतं की साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या आसपास पावसाळा कमजोर पडला, नदीचं पाणी तुटत गेलं आणि तिच्या काठची मोठी शहरं ओस पडली. एका रात्रीत भूकंप आणि नदी गायब, असं धडाड्-धूम दाखवू नका, पिढ्यान् पिढ्या चाललेलं आहे ते.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं देखाव्यात दाखवायचं कसं, लोक झोपतील. नाही झोपणार. खानापूर तालुक्यातल्या पोरांना विचारा. कणकुंबीला जाऊन बघा की. तिथं मलप्रभेचा उगम, आणि तिथून थोड्याच अंतरावर कळसा नाला. मलप्रभेत पडलेला पावसाचा थेंब खानापूर, असोग्यावरनं सौंदत्तीच्या धरणाला, तिथून कुडलसंगमला कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. कळशाच्या बाजूला पडलेला थेंब म्हादईत, गोव्यातून अरबी समुद्रात. मधे एक उंचवटा, बस्स. आणि या कळशाचं पाणी इकडं वळवण्यासाठी तिथं कालवा खोदलेला आपण सगळ्यांनी बघितलाय, त्यावरून कर्नाटक-गोव्याचं किती वर्षं चाललंय, २०१८ मध्ये लवादानं कर्नाटकाला म्हादई खोऱ्यातलं १३.४२ टीएमसी पाणी देऊ केलं तरी वाद मिटलेला नाही. कोण बरोबर कोण चूक यात मी इथं पडत नाही, त्यावर लिहायचं तर वेगळं पत्र लागेल आणि शिव्याही वेगळ्या पडतील. मुद्दा एवढाच की एका खोऱ्यातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात जाऊ शकतं हे आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायला लागत नाही. इथं माणूस जेसीबी लावून करतोय ते तिथं नदीनं स्वतःच्या गाळानं आणि पुरानं केलं.

म्हणून माझं सजेशन असं. हिमालय वर-खाली करायच्या मोटारीचा खर्च वाचवा. एक मोठा उताराचा ट्रे करा, त्यात वाळू-माती, वरच्या टोकाला तीन बारीक पाइप, कूलरचा पंप लावून पाणी सोडा. एक पाइप सतलज, एक यमुना, मधली लहान धार घग्गर. सुरुवातीला तिन्ही एकाच रुंद पात्रात. मग निवेदनाबरोबर एका पोरानं खालून लाकडी पट्टी फिरवायची, आधी यमुनेची धार उजवीकडं निघून जाते, मग सतलज डावीकडं निघून जाते, आणि रुंद पात्रात उरते फक्त मधली बारीक धार, वरून शॉवरनं पाऊस पडला तर भरते, पाऊस थांबला की वाळूत जिरते. मग त्या आटलेल्या पात्राच्या काठावर छोट्या विटांची घरं एक-एक लाइट लागून उजळू द्या, कालीबंगा, बनावली, आणि थोडी बाजूला राखीगढी. ही बाजू पहिली. दुसरी बाजू काय म्हणते ते निवेदकानं दोन वाक्यांत सांगायचं, लोकांना कळतं ओ, आपण उगीच लोकांना अडाणी समजतो.

कालीबंगाचं एक जरूर दाखवा. १९६० ते ६९ मध्ये तिथं उत्खनन झालं, त्यात चक्क नांगरलेलं शेत सापडलं, हडप्पाच्याही आधीचं. आडव्या-उभ्या सऱ्या, एका दिशेच्या जवळ-जवळ, दुसऱ्या दिशेच्या लांब-लांब. आणि खोदणाऱ्यांना दिसलं की आजूबाजूचे शेतकरी अजूनही तशाच सऱ्या मारतायत, जवळच्या सरीत हरभरा, लांबच्या सरीत मोहरी, म्हणजे मोहरीच्या उंच झाडाची सावली हरभऱ्यावर पडू नये. आपल्याकडचा कुठलाही शेतकरी ते बघून दोन मिनिटं थांबणार, मी लिहून देतो. राखीगढीवर तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांनी उत्खनन केलंय, तेही सांगा.

पुराणातलं घ्यायचं तर बलराम घ्या. महाभारतात शल्यपर्वात युद्ध चालू असताना बलराम कुणाच्याच बाजूनं न लढता सरस्वतीच्या काठानं तीर्थयात्रेला जातो, प्रभासपासून उलटं, वरच्या दिशेनं. वाटेत विनशन लागतं, जिथं नदी वाळूत नाहीशी होते, आणि पुढं परत वर येते अशा जागा सांगितल्यात. एके ठिकाणी तर म्हटलंय की पाणी दिसत नाही पण जमिनीचा ओलावा आणि हिरवी झाडं बघून जाणते लोक ओळखतात की खालून सरस्वती आहे. एवढं बारीक निरीक्षण! लिहिणाऱ्यानं, नाहीतर त्याला सांगणाऱ्यानं, ती जागा बघितलेली असणार.

आणि ती विनशनला का नाहीशी झाली याचं महाभारतानं दिलेलं कारण गोड नाही. एका ठिकाणी म्हटलंय शूद्र आणि आभीर यांच्या द्वेषामुळं, दुसऱ्या ठिकाणी निषादांनी आपल्याला बघू नये म्हणून. हे मांडवात वाचून दाखवा असा माझा आग्रह नाही, पण "आमच्या ग्रंथांत सगळं विज्ञान होतं" असं छाती ठोकून म्हणायच्या आधी हेही त्याच ग्रंथात आहे हे निवेदन लिहिणाऱ्यानं वाचलेलं असावं.

सारस्वताची गोष्ट मात्र आपल्या भागात घ्यायलाच पाहिजे. बारा वर्षांचा दुष्काळ पडला, ऋषी पोटासाठी दाही दिशांना पांगले, वेद विसरले. सरस्वतीचा मुलगा सारस्वत पण निघाला, तर आई म्हणाली, बाळा तू जाऊ नकोस, मी तुला रोज चांगले मासे देईन. तो मासे खाऊन तिथंच राहिला, वेद टिकवले, आणि दुष्काळ संपल्यावर साठ हजार ऋषींना त्यानं परत शिकवले. बेळगाव-खानापूरला सारस्वत मंडळी भरपूर, आपण त्याच काठावरून गोव्यात आलो अशी त्यांची परंपरा सांगते, आणि त्यांच्या माशावरून होणारी चेष्टा तर आपण सगळे करतोच. शल्यपर्वातलाच दाखला आहे, आता करा चेष्टा.

अजून एक राहिलं, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं. आपण लुप्त-लुप्त म्हणतोय ती घग्गर जुलै २०२३ मध्ये फुटली. पंजाब-हरियाणात बांध तुटले, सिरसा भागात शेतात पाणी, हजारो एकर पीक गेलं. उरलेल्या वर्षात तीच नदी कारखान्यांचं आणि गावांचं सांडपाणी घेऊन काळी वाहते. तिकडं २०१५ पासून सरस्वतीसाठी सरकारी बोर्ड आहे, आदिबद्रीला धरण बांधून सरस्वतीत बारा महिने पाणी सोडायचं म्हणून २०२२ मध्ये हरियाणा आणि हिमाचलचा करार झालाय, सोम नदीचं पाणी. म्हणजे तिकडंही वळवावळवीच. देखाव्याच्या शेवटी घोषणेऐवजी ही दोन वाक्यं टाका, नदी आज कुठं आहे आणि कशी आहे. त्या आजीबाईंचा प्रश्न तोच होता.

थोडं प्रॅक्टिकल. निवेदन सात मिनिटांच्या वर नको, शेवटच्या तीन रात्री मागची लाइन गल्लीच्या बाहेर जाते आणि पोलीस पुढं ढकला म्हणून मागं लागतात. मराठीत तर असेलच, पण एक आड एक शो कन्नडमध्ये पण ठेवा, गोकाक-बैलहोंगलची माणसं येतात, त्यांच्या तोंडाकडं बघत उभं करू नका, आणि कुणी विचारलंच तर सांगा मलप्रभा कुठलीच भाषा विचारत नाही. संस्कृत ओळी कुणातरी जाणत्याकडून म्हणून घ्या, मोबाईलवरच्या ॲपच्या आवाजात नको, फार वाईट वाटतं ऐकायला. वीणावाली देवी ठेवायची तर ठेवा, पण एका बाजूला, नदीच्या आड येईल अशी नको. स्क्रिप्ट लिहून पाहिजे असेल तर मी आहे, पैसे नकोत, फक्त "नासा" शब्द घालायला सांगू नका.

आणि कूलरचे पंप दोन घेऊन ठेवा, एक जळणारच, आणि अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री आख्ख्या बेळगावात एक दुकान उघडं मिळत नाही.

तुमचाच,
एक जुना निवेदन लिहिणारा
शहापूर, बेळगाव